नित्याच्या जीवनातील संधी



गुरुजींच्या स्मरणार्थ योजलेल्या या व्याख्यानासाठी आपण मला बोलावले, याबद्दल मी संस्थेचा मनःपूर्वक ऋणी आहे. गुरुजींचे जीवन आणि कार्य आपणांपैकी अनेकांनी जवळून पाहिले आहे. त्याचे वर्णन माझ्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसाने करण्याचे प्रयोजन नाही. मात्र शिक्षकाच्या स्मृतिदिनी कोणता विषय मांडावा, याचा विचार करीत असता एक प्रश्न मनात वारंवार येत राहिला. शाळेतून बाहेर पडल्यावर माणसाच्या शिकण्याचे पुढे काय होते? परीक्षा संपतात, पुस्तके रद्दीत जातात, पोटामागे धावणे सुरू होते. मग वाढ थांबते काय? आणि थांबत असेल, तर ती थांबलीच पाहिजे काय? या प्रश्नाचा विचार आपणांसमवेत करावा, म्हणून आजचा विषय मी 'नित्याच्या जीवनातील संधी' असा ठेवला आहे.

शब्दाची उकल

आयुष्य मराठी शिकवण्यात गेल्यामुळे कोणत्याही विषयाच्या आरंभी शब्दाकडे पाहण्याची सवय जडली आहे. 'संधी' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. व्यवहारात संधी म्हणजे अनुकूल वेळ. व्याकरणात संधी म्हणजे जवळ आलेल्या दोन वर्णांचे एकमेकांत मिसळून जाणे. शाळेत स्वरसंधी, व्यंजनसंधी, विसर्गसंधी हे प्रकार आपण सर्वांनी पाठ केले आहेत आणि बहुतेकांनी ते यथाकाल विसरूनही टाकले आहेत. या दोन्ही अर्थांच्या मुळाशी एकच कल्पना आहे, ती म्हणजे सांधा, जोड.

व्यवहारातील संधीविषयी आपण बोलतो ते ती कोठून तरी पाठवली जाणारी वस्तू असल्यासारखे. 'संधी मिळाली नाही', 'संधी हुकली', 'संधी चालून आली'. जणू ती टपालाने निघते आणि पत्ता चुकला की परत जाते. व्याकरणातील संधीचे तसे नाही. 'विद्या' आणि 'अर्थी' हे दोन शब्द शेजारी येतात. पहिल्याचा अखेरचा स्वर आणि दुसऱ्याचा आरंभीचा स्वर एकमेकांना भेटतात आणि 'विद्यार्थी' हा शब्द तयार होतो. नवे अक्षर कोणी बाहेरून आणून देत नाही. जे मुळात होते, तेच एकमेकांजवळ येते.

मला आज जे म्हणायचे आहे, ते एवढेच की माणसाच्या वाढीची संधीही बहुधा अशीच घडते. एका बाजूस रोजचे काम असते आणि दुसऱ्या बाजूस मनातील जिज्ञासा. ही दोन एकमेकांजवळ येत नाहीत, तोवर काम हे केवळ ओझे राहते आणि जिज्ञासा ही केवळ हुरहूर राहते. ती जवळ आली, की त्याच कामातून त्याच माणसाचे काही नवे घडू लागते. 'विद्यार्थी' या शब्दातील 'अर्थी' म्हणजे इच्छा करणारा. या शब्दात वयाची अट कोठेच नाही, हेही जाता जाता ध्यानात ठेवावे.

तापीकाठची वाट

गोडादऱ्यात हा विषय मांडण्यास एक विशेष कारण आहे. सुरत ते अमळनेर हा तापी खोऱ्यातील लोहमार्ग १९०० च्या सुमारास पुरा झाला. उधना, बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर ही स्थानकांची नावे येथील कित्येक घरांत देवादिकांच्या नावांइतकी परिचित आहेत. १ मे १९६० रोजी द्वैभाषिक मुंबई राज्याची दोन राज्ये झाली आणि या मार्गावर सीमारेषा आली. नवापूरच्या फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात आणि काही गुजरातेत, असा चमत्कार तेव्हापासून आहे. रेषा आली, पण वाट मोडली नाही. खान्देशातील कोरडवाहू शेती, लागोपाठ हुकणारा पाऊस आणि इकडे वाढत गेलेला कृत्रिम धाग्याच्या कापडाचा धंदा, या कारणांनी जळगाव, धुळे, नंदुरबारकडील माणसे सुरतेस येत राहिली. उधना, लिंबायत, गोडादरा, डिंडोली या भागांतील वस्ती या येण्यातूनच दाट होत गेली.

या माणसांनी काय केले? लूम चालवले, डाईंग मिलमध्ये रंगाच्या वाफेत पाळ्या केल्या, बाजारात गठ्ठे वाहिले. बायकांनी घरबसल्या साड्यांना लेस लावली, टिकल्या चिकटवल्या, नगावर पैसे घेऊन धागे कापले. त्यांच्या श्रमावर मुले शिकली. त्यांतील काही आज या सभागृहात बसली आहेत. हा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाही, म्हणून तो लहान ठरत नाही.

परंतु या पिढीच्या तोंडी एक वाक्य हमखास ऐकू येते. 'आमचं काय राहिलंय आता? पोरांचं भलं होऊ दे.' या वाक्यातील त्यागापुढे मान लववावी, असेच कोणासही वाटेल. तरीही माझी या वाक्याशी एक तक्रार आहे. पस्तिशीचा बाप आणि तिशीची आई 'आमचे संपले' असे म्हणतात, तेव्हा उरलेली चाळीस वर्षे ते केवळ दुसऱ्याच्या आयुष्याची राखण करीत बसणार असतात. आणि मुलास काय दिसते? त्यास असे दिसते, की शिकणे ही लहानपणी भोगून संपवण्याची एक शिक्षा आहे. ज्यांची सुटका झाली, त्या मोठ्या माणसांपैकी कोणीही पुन्हा तिकडे फिरकत नाही. ज्या घरात मोठ्यांचे शिकणे थांबले आहे, त्या घरात 'अभ्यास कर' या आज्ञेस फारसे वजन उरत नाही. म्हणून आईबापांची स्वतःची वाढ ही चैन किंवा स्वार्थ समजू नये. मुलांना द्यावयाच्या वारशाचाच तो एक भाग आहे.

कामाची भाषा

रोजच्या कामातून वाढण्याचा विचार आपल्याकडे परका नाही. मराठी वाङ्मयाचा पायाच त्यावर उभा आहे. वारकरी संतांची नावे घ्या. सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार, सेना न्हावी. व्यवसाय त्यांच्या नावास चिकटून राहिला आहे आणि त्याची त्यांना लाज वाटलेली नाही. मळा, चाक, मूस, आरसा ही त्यांची नित्याची साधने. आणि परमार्थाविषयी बोलताना हीच त्यांची भाषा झाली. जनाबाईंचे दळणकांडण त्यांच्या अभंगांतून वेगळे काढता येत नाही. हातातले काम टाकून देऊन मग उन्नत होऊ, असे या मंडळींनी मानले नाही.

संतांची गोष्ट थोरांची म्हणून बाजूस ठेवू. जात्यावर बसणाऱ्या अनाम बायकांचे काय? पहाटेच्या अंधारात दळण दळणे यासारखे कंटाळवाणे काम दुसरे नसेल. त्या कामाच्या लयीत बायकांनी ओवी गुंफली आणि माहेर, सासर, भाऊ, लेक, दुष्काळ, विठ्ठल हे सारे तीत आणले. गाय प्वातवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. एक लाख ओव्या! ज्यांना आपण अशिक्षित म्हणालो, त्या बायकांनी पिढ्यानुपिढ्या आपले विद्यापीठ घरातल्या घरात, पिठाच्या सुपाशेजारी चालवले होते, असेच म्हणावे लागते. विजेची चक्की आली, श्रम वाचले, आणि ते वाचले हे फार चांगले झाले. प्रश्न एवढाच उरतो, की वाचलेल्या वेळात ओवीच्या जागी आपण काय आणले?

आसोद्याची लेक

आपल्या खान्देशातील उदाहरण घेतल्यावाचून हा विषय पुढे जाणार नाही. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० साली जळगावजवळच्या आसोदे गावी झाला. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, पदरी मुले, शेती आणि भाऊबंदकी. अक्षरओळख नाही. या सर्व गोष्टी आपण जाणतोच. माझे आपणांस सांगणे असे, की बहिणाबाईंच्या प्रतिभेचे कौतुक करताना आपण त्यांच्या एका साध्या सवयीकडे दुर्लक्ष करतो. ती सवय म्हणजे लक्ष देण्याची.

विहिरीवरची मोट त्यांच्या आधी हजारोंनी पाहिली होती. सुगरणीचा खोपा प्रत्येक मळ्यात लटकत होता. पेरणी, कापणी, उपणणी दर वर्षी होत होती. चुलीचा धूर प्रत्येकीच्याच डोळ्यांत जात होता. बहिणाबाईंनी या गोष्टींकडे पाहिले, आणि पाहता पाहता त्या गोष्टींस प्रश्न विचारले. एवढासा पक्षी एवढे घर चोचीने कसे विणतो? माणसाचे मन एका ठायी का ठरत नाही? ज्याला आपण जगणे म्हणतो, त्यात येणे किती आणि जाणे किती? हे प्रश्न विचारण्यासाठी त्यांनी कामातून रजा घेतली नव्हती. हात कामात होते आणि मन कामातच अधिक खोल उतरत होते. त्यांच्या बोलीत, रोजच्या शब्दांत ते प्रश्न गाणे होऊन आले.

या कथेचा दुसरा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. त्यांची गाणी हवेत विरून जाण्याचीच शक्यता अधिक होती. त्यांचे पुत्र सोपानदेव हे स्वतः कवी होते. घरातील मंडळींनी काही गाणी टिपून ठेवली. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई वारल्या. पुढे ती टिपणे सोपानदेवांनी आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. जे टिपले गेले, तेवढेच आपल्यापर्यंत पोहोचले. जे टिपले गेले नाही, ते किती होते हे आता कोण सांगणार? जळगावच्या विद्यापीठास २०१८ साली बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. जिला शाळेची पायरी ठाऊक नव्हती, तिच्या नावाची पदवी आज हजारो मुले घेतात. या गौरवाचा आनंद मानावा. पण त्याबरोबर प्रत्येकाने आपल्या घरातील एखाद्या म्हातारीचे बोलणे टिपून ठेवावे, असेही मला वाटते.

उशीर झाला, असे कोण म्हणतो?

'आता वय झाले' या सबबीस उत्तर म्हणून मी नेहमी लक्ष्मीबाई टिळकांचे नाव घेतो. त्यांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. शाळा नाही. लग्नानंतर पती नारायण वामन टिळक यांनी अक्षरे शिकवली. संसारात स्थैर्य कधी लाभले नाही. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा घर दुभंगले. पुढे काही वर्षांनी स्वतः विचार करून, स्वतःच्या मनाचा कौल घेऊन लक्ष्मीबाईंनीही तो धर्म पत्करला. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या स्त्रीने आपल्या मनातील भेदभाव एकेक करून तपासावेत आणि टाकून द्यावेत, ही केवढी मोठी वाढ! ती कोणत्याही वर्गात झाली नाही. स्वयंपाकघरात, पाण्याच्या घागरीजवळ, दुसऱ्याच्या हातचे खाताना झाली.

१९१९ साली टिळक गेले आणि त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले. त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी पुढे स्वतः रचून ते पूर्ण केले. आणि ज्या पुस्तकामुळे मराठी भाषा त्यांना कधी विसरणार नाही, ते 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागले, तेव्हा त्यांचे वय पासष्ट उलटून गेले होते. त्या पुस्तकात काय आहे? भांडणे, फजिती, आजारपण, उसनवारी, पाहुणे, मुलेबाळे. प्रत्येक संसारात असते तेच. फरक इतकाच की लक्ष्मीबाईंनी स्वतःकडे पाहून हसण्याचे धैर्य दाखवले. माणसाची वाढ मोजण्याचे याहून चांगले माप माझ्या पाहण्यात नाही.

वेळेचा प्रश्न

येथवर ऐकून एखादा श्रोता मनात म्हणत असेल, की हे सारे ठीक. पण बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसास खोप्याकडे पाहण्याची ताकद उरते काय? हा आक्षेप योग्य आहे, आणि त्यास बगल देऊन पुढे जाणे हा कष्टकऱ्यांचा अपमान ठरेल. 'आहे त्यात संधी शोधा' हा उपदेश पोटभर जेवलेल्या माणसाने उपाशी माणसास केला, की तो क्रूर होतो. कमी मजुरी, अपुरी झोप, यंत्रांचा कानठळ्या बसवणारा आवाज यांतून आपोआप कोणाचा विकास होत नाही. त्यातून माणूस फक्त झिजतो.

म्हणून ज्यांनी कामगारास वेळ मिळवून दिला, त्यांचीही नावे या विषयात घेतली पाहिजेत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा चालवली. त्यांच्याच विचारांच्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणीकामगारांना संघटित करण्यास आरंभ केला, आणि प्रदीर्घ खटपटीनंतर १० जून १८९० पासून त्यांना रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण रविवार उठून गृहीत धरतो. तो आपोआप मिळालेला नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने प्रौढ कामगारांसाठी आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली, हेही अशाच अनेक झगड्यांचे फळ होते. स्वतःची वाढ हवी असणाऱ्या माणसाने वेळेचा आपला न्याय्य वाटा मागितला पाहिजे. ती मागणी हाही वाढीचाच भाग आहे.

या दोन्ही गोष्टी, कामातून शिकणे आणि कामगाराच्या हक्कासाठी उभे राहणे, एकाच माणसात पाहायच्या असतील तर नारायण सुर्वे यांचे चरित्र पाहावे. बेवारस सापडलेले मूल. गंगाराम सुर्वे या गिरणीकामगाराने त्यास घरी नेले, वाढवले आणि आपले नाव दिले. त्या कामगाराने नोकरी संपताच गावाची वाट धरली, तेव्हा कोवळ्या वयाचे हे पोर मुंबईत एकटे राहिले. घरगडी, हॉटेलातील पोऱ्या, गिरणीतील हरकाम्या, शाळेतील शिपाई, असे करीत करीत परीक्षा देऊन सुर्वे प्राथमिक शाळेतील शिक्षक झाले. १९६२ मध्ये 'ऐसा गा मी ब्रह्म' आणि १९६६ मध्ये 'माझे विद्यापीठ' हे त्यांचे संग्रह आले. दुसऱ्या संग्रहाचे नाव पुन्हा एकदा मनात म्हणून पाहा. ज्या रस्त्यांवर त्यांनी दिवस काढले, त्या रस्त्यांनाच त्यांनी विद्यापीठ म्हटले. १९९५ साली परभणीच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. परंतु मला त्यांच्या चरित्रातील सर्वांत तेजस्वी टप्पा कोणता वाटत असेल, तर तो शिपायाचा शिक्षक होण्याचा. ज्या प्रकारच्या शाळेत घंटा वाजवली, तशाच शाळेत फळ्यापुढे उभे राहणे! मध्ये काय घडले? शिपायाचे काम करता करता त्यांनी शाळेस आपली मानले. ती त्यांची संधी होती.

सुरतेचा धडा

आपण ज्या नगरात राहतो, त्या नगराकडूनही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. मराठीचे पहिल्या फळीतील व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी सुरतेत अध्यापनाचे काम केले. येथे त्यांची दुर्गाराम मेहताजी या गुजराती शिक्षकाशी मैत्री जमली, आणि १८४४ साली या दोघांनी व त्यांच्या स्नेह्यांनी मिळून मानवधर्म सभा स्थापन केली. जातिभेद, अंधश्रद्धा, विधवांचे हाल या विषयांवर उघड चर्चा करणारी ही मंडळी रोज शाळेत मुलांना शिकवणारी सामान्य मास्तर मंडळी होती. एक मराठी बोलणारा, दुसरा गुजराती. दोन भाषा शेजारी आल्या आणि पश्चिम भारतातील सुधारणेच्या इतिहासात एक पान जोडले गेले. व्याकरणकाराच्या आयुष्यात घडलेला हा संधी मला त्याच्या व्याकरणातील सर्व संधींहून मोलाचा वाटतो.

याच सुरतेचा कवी नर्मद. १८३३ चा जन्म. त्याने एकहाती 'नर्मकोश' हा गुजराती शब्दकोश सिद्ध केला, १८७३ साली तो प्रसिद्ध झाला, आणि त्यात पंचवीस हजारांहून अधिक शब्द आहेत. एवढे शब्द एका दिवसात जमत नाहीत. आज चार, उद्या सहा, असे ते वर्षानुवर्षे जमवावे लागतात. मोठे काम म्हणजे बहुधा लहान कामाचा न तुटलेला धागा असतो. ताणा-बाण्याचे शास्त्र जाणणाऱ्या आपणांस हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि नगर स्वतः? १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगने सुरत हादरली. लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडून पळाले आणि शहराचे नाव जगभर बदनाम झाले. त्यानंतरच्या काळात या शहराने जे केले, त्यात चमत्कार काहीही नव्हता. कचरा रोज उचलणे, गटारे साफ करणे, त्यावर देखरेख ठेवणे, आणि हे दुसऱ्या दिवशी पुन्हा करणे. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने सुरतेस देशात पहिले स्थान मिळाले. झाडूच्या रोजच्या फेऱ्यांनी एक नगर बदलू शकते, तर माणसाने स्वतःविषयी निराश का व्हावे?

आपल्या हाती

आता काही साध्या गोष्टी सुचवून मी माझे बोलणे आवरते घेतो.

पहिली गोष्ट भाषेची. गोडादऱ्यात राहणारा माणूस घरी अहिराणी किंवा लेवा बोली बोलतो, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी. शेजारी उडिया असतो. या नगरात महापालिकेने गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांच्या प्राथमिक शाळा चालवल्या आहेत. पुण्याच्या प्राध्यापकास जे ऐश्वर्य पैसे मोजून मिळणार नाही, ते आपल्या गल्लीत फुकट पसरलेले आहे. पण आपण गुजराती केवळ भाव ठरवण्यापुरते शिकतो आणि घरातील बोलीचा मुलांपुढे संकोच करतो. आजी नातीला 'आंडेर' म्हणते, तेव्हा त्या शब्दात मायेबरोबर कितीतरी पिढ्यांचा इतिहास असतो. एक वही करा. रोज एक शब्द लिहा, आजीचा एक किंवा शेजाऱ्याचा एक. वर्षाच्या अखेरीस आपल्यापाशी ३६५ शब्द असतील, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या शब्दांच्या निमित्ताने झालेले तितकेच संवाद असतील.

दुसरी गोष्ट आपल्या कामाची. जे काम आपण करतो, त्याविषयी एक तरी प्रश्न विचारावा. हा धागा कशाचा बनतो? हा रंग कापडावर पक्का का बसतो? ही साडी येथून कोठे जाते आणि तिची किंमत वाटेत किती वेळा वाढते? धागे कापणाऱ्या ताईने हा हिशोब एकदा मांडून पाहावा. हिशोब समजला, की नगाचा दर ठरवताना तिचा आवाज बदलेल. ज्ञानाने पोट भरत नाही असे म्हणतात. पण अज्ञानाने ते रिकामे राहते, हे मात्र खरे.

तिसरी गोष्ट वाचनाची. रोज रात्री घरात दहा मिनिटे कोणी तरी मोठ्याने वाचावे आणि इतरांनी ऐकावे. वाचता येत नाही त्यांनी ऐकावे, ही आपल्या पोथीवाचनाची जुनीच रीत आहे. मुलाने आईस वाचून दाखवावे. आईने त्यातील एखादी गोष्ट आपल्या अनुभवाने समजावून सांगावी. हातातील फोन थोडा वेळ बाजूस राहिला तरी जगाचे काही अडत नाही. आणि तो हातात असेलच, तर त्यावर आजीचे गाणे मुद्रित करून ठेवा. बहिणाबाईंच्या घरच्यांपाशी असे यंत्र असते, तर मराठीस किती गाणी अधिक मिळाली असती!

चौथी गोष्ट अर्धवट राहिलेल्या शिक्षणाची. ज्यांची शाळा सुटली, त्यांच्यासाठी दारे पूर्ण बंद झालेली नाहीत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली, नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली आणि अहमदाबादचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ १९९४ साली स्थापन झाले. नोकरी, संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच ती आहेत. मी अध्यापन करीत असताना लग्नानंतर दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा वही उघडणाऱ्या विद्यार्थिनी पाहिल्या आहेत. त्यांच्या उत्तरपत्रिकांत शुद्धलेखनाचे दोष असत. परंतु कवितेचा अर्थ लावताना त्या जे लिहीत, ते नियमित वर्गातील हुशार मुलांनाही सुचत नसे. त्यांनी आयुष्य आणि कविता एकत्र वाचली होती.

शेवटची गोष्ट शाळेकडे आणि माजी विद्यार्थ्यांकडे मागणे म्हणून मांडतो. सायंकाळी ही शाळा बंद होते आणि बाके रिकामी पडतात. त्याच वेळी आजूबाजूच्या घरांत वीस-तीस प्रौढ स्त्रीपुरुष असे असतात, ज्यांना सही करता येते पण अर्ज लिहिता येत नाही. मराठी वाचता येते पण गुजराती फलक वाचता येत नाही. आठवड्यातून दोन सायंकाळी एक खोली उघडावी. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी तेथे अक्षरे शिकवावीत, कोणी बँकेचा कागद समजावून सांगावा, कोणी एक गोष्ट वाचून दाखवावी. शिकवायला येणाऱ्यांनीही त्या माणसांकडून काही शिकण्याच्या तयारीने यावे. कारण शिकवणे ही देखील शिकण्याचीच एक रीत आहे, हे या शाळेने आपणांस कधीच दाखवून दिलेले आहे. यासाठी इमारत निधी नको, उद्घाटन नको. एक किल्ली हवी आणि ती वेळेवर घेऊन येणारा एक माणूस हवा.

गुरुजींनी ज्या मुलांना शिकवले, ती आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्यांच्यापैकी कोणी उद्या सायंकाळी आपल्या आईस पाटीवर 'ग' गिरवायला लावला, तर या व्याख्यानाहून त्या पाटीचे मोल अधिक असेल. ती पाटी लवकर हाती घेतली जावी, एवढीच इच्छा व्यक्त करतो.